हातचा एक

एकशे बाराव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, 'स्थिती'ची दुसरी वेलांटी ऱ्हस्व पडली होती. मी लाल पेन टेकवलं आणि ओळ सरकली. पान जागच्या जागी होतं, ओळ तेवढी हळूच डावीकडे वाहत गेली आणि झटका देऊन परत आली. पुन्हा वाहिली, पुन्हा झटका. सकाळपासून डावा कान कापूस कोंबल्यासारखा भरला होता आणि आत कुठेतरी रिकाम्या हंड्यात वारा घुमावा तसा आवाज चालू होता, तेव्हाच समजायला हवं होतं. पण त्या दिवशी सहा वाजेपर्यंत मुद्रितं पोचवायची होती, म्हणून मी कानाकडे काणाडोळा केला. पाच मिनिटांनी मी जमिनीवर आडवा होतो आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला होता. जमिनीवर पडलेल्या माणसाला आणखी कुठे पडायचं असतं? पण शरीराला ते पटत नाही. सगळी खोली तिरकी होऊन आपल्याला सांडून टाकणार, असंच वाटत राहतं.

साडेतीन तासांनी खोली थांबली. मुद्रितं तिसऱ्या दिवशी गेली. प्रकाशकाला मी ताप आला होता असं सांगितलं.

माझ्या आजाराचं नाव मेनिएर. ते कळायला चौदा महिने लागले. आधी एकाने मानेचे मणके म्हटलं, दुसऱ्याने पित्त. एका ओळखीच्या गृहस्थांनी तर मला पलंगावर आडवं करून माझं डोकं इकडून तिकडे वळवण्याचा व्यायाम करून घेतला. तो व्यायाम खरा आहे आणि गुणही देतो, पण वेगळ्या चकरेवर. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून भलत्या नळीत शिरले की कूस बदलताना काही सेकंद गरगरतं, त्यावर तो उपाय आहे. माझी चक्कर काही तास चालते. त्या व्यायामाने मला फक्त उलटी झाली.

शेवटी ज्या कान-नाक-घसा तज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना तोल जातो, की खोली फिरते?" त्या आधीच्या चौदा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी असे इतके शब्द आहेत आणि आपण ते सगळे एकमेकांच्या जागी वापरतो. मी शब्दांचं काम करणारा माणूस, पण मीही 'चक्कर येते' एवढंच सांगत आलो होतो. बाईंनी श्रवण तपासणी करून घेतली. आलेखात उजव्या कानाची रेघ सरळ होती. डाव्या कानाची २५० आणि ५०० हर्ट्झला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, खड्ड्यात गेली होती. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर खड्डा जवळपास भरून आलेला. बाई म्हणाल्या, "असं वरखाली होणं हीच याची ओळख." निदानाच्या निकषांत वीस मिनिटं ते बारा तास टिकणारी फिरती चक्कर निदान दोनदा येऊन गेलेली असावी लागते, शिवाय खालच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी झाल्याची नोंद आणि कानातला आवाज किंवा दडा. माझं सगळं त्यात बसत होतं.

अंतर्कर्णात एक पातळ द्रव असतो. त्याचा दाब वाढून पिशवी फुगते आणि तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला खोटे निरोप धाडू लागते. १८६१ साली पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पेर मेनिएर या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं की अशी चक्कर कानातून येऊ शकते. त्याआधी असे झटके मेंदूच्या खात्यावर टाकले जात. अजूनही टाकले जातात. मला दोन वर्षांत किमान दहा जणांनी 'मेंदूचा फोटो काढला का' असं विचारलं आहे. (काढला. स्वच्छ आहे.)

निदान झालं म्हणजे आता दिवसांचा हिशेब लागेल असं मला वाटलं होतं. तो लागला नाही. झटका कधी येणार, हे सांगणारी तपासणीच नाही. कधी पंधरवड्यात चार येतात, कधी तीन महिने एकही नाही. कान भरून येणं ही सूचना म्हणावी तर कान चार चार दिवस भरलेला राहून आपोआप मोकळा झाला आहे, आणि एकदा कसलीही सूचना नसताना मी रस्ता ओलांडताना दुभाजकाला धरून खाली बसलो आहे. तो प्रसंग मनातून जात नाही. भर दुपार होती. मी उलटी करत होतो आणि एक बाई आपल्या मुलाला हाताला धरून बाजूला घेत म्हणाली, "बघू नकोस तिकडे." मी प्यायलेलो नाही हे मला सांगायचं होतं, पण जीभ जड झाली होती आणि जे दोन शब्द निघाले ते दारुड्याचेच वाटले असणार.

त्यानंतर मी काही ठरवणंच सोडलं. म्हणजे तोंडाने ठरवायचो, पण आदल्या रात्री कानाकडे लक्ष देत पडून राहायचो आणि सकाळी कळवून टाकायचो की जमत नाही. मित्राच्या पुस्तकाचं प्रकाशन, भाचीला पोचवायला जायचं होतं ते, जुन्या सहकाऱ्यांची भेट. तिकिटं रद्द करण्यात माझा हात इतका बसला की त्याच्या अटी मला पाठ झाल्या. 'ताण घेऊ नका' असं सगळेच सांगतात. हा सल्ला देणाऱ्याला फार सोपा जातो. ताण न घेण्याचा माझा मार्ग म्हणजे कुठेही न जाणं, असं मी ठरवून टाकलं.

बाईंनी एक वही ठेवायला सांगितली होती. तारीख, कानाची अवस्था, झटका किती वेळ, झोप, मीठ. मिठाचा हिशेब त्यात असतो कारण कमी मीठ खाल्लं की द्रवाचा दाब आटोक्यात राहतो असं मानून पथ्य देतात. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ हे तर जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही सांगते. या रकान्यांत मी आपल्या मनाने एक वाढवला, 'रद्द'. का वाढवला कोण जाणे, बहुधा स्वतःची कीव करायला साहित्य हवं होतं.

वर्ष भरलं तेव्हा मी सवयीने बेरजा केल्या. मुद्रितशोधकाला आकडे जुळवल्याशिवाय वही मिटवत नाही. झटक्याचे दिवस २३. रद्द केलेल्या गोष्टी ४१. मग मी दोन रकाने शेजारी ठेवून तारखा जुळवत गेलो. ज्या दिवशी रद्द केलं आणि त्याच दिवशी खरोखर झटकाही आला, असे दिवस निघाले ६.

मी पुन्हा मोजलं. सहाच. बाकीचे ३५ दिवस मी घरात ठणठणीत बसून होतो. आजाराने २३ दिवस नेले होते आणि त्याहून जास्त मी न मागता देऊन टाकले होते.

बायकोला दाखवलं. ती पटकन हार मानणारी नाही. म्हणाली, "घरी राहिलास म्हणूनच त्या दिवशी आला नसेल. गेला असतास तर आला असता." या मुद्द्याने मी आठवडाभर हैराण होतो, कारण तो खोडता येत नाही. मग बाईंना विचारलं. त्यांनी मला मी रोज घेत असलेल्या गोळीचीच गोष्ट सांगितली. बीटाहिस्टीन. जर्मनीत २२१ रुग्णांवर तिची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. एका गटाला जास्त मात्रा, एकाला कमी, एकाला औषध नसलेली नुसती पोकळ गोळी. नऊ महिने. तिन्ही गटांत झटके कमी झाले, आणि तिन्ही गटांत जवळपास सारखेच. बाई म्हणाल्या, "हा आजार आपला आपणच चढतो आणि उतरतो. उतरत असताना तुम्ही जे काही करत असाल, त्याला श्रेय मिळतं. गोळीला मिळतं, तसं घरी बसण्यालाही मिळेल." मग ती गोळी मी अजून का घेतो, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. मलाही पडतो. घेतो.

त्यानंतर ठरवण्याची पद्धत बदलायला घेतली. ती एकदम सुचली नाही, चुकत चुकत आली.

पहिल्यांदा कामाचं. लहानपणी बेरीज करताना 'हातचा एक' म्हणायचो, ते आठवलं. चार दिवसांचं काम असेल तर एक दिवस हातचा धरायचा आणि पाच सांगायचे. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या वेळी मी झटक्याचा दिवस धरला आणि त्यानंतरचा विसरलो. खोली थांबली म्हणजे माणूस उभा राहिला, असं नसतं. पुढचा दीड दिवस डोकं ओल्या वाळूने भरल्यासारखं असतं, अक्षरं दिसतात पण चूक दिसत नाही. मुद्रितशोधकाला हे फार धोक्याचं. अशाच एका दिवशी मी शीर्षकातली चूक तशीच जाऊ दिली आहे, मुखपृष्ठावरची. त्यामुळे आता हातचा दोनाचा धरतो, आणि झटक्यानंतर वाचलेली पानं पुन्हा वाचतो.

त्याहून अवघड होतं ते खरं सांगणं. ताप, सर्दी, पाहुणे अशी कारणं देऊन मी माझी किंमत घालवत होतो. ज्याला महिन्यातून दोनदा ताप येतो त्याच्यावर कोण विसंबणार? शेवटी ज्यांच्याकडे नियमित काम करायचो त्या तिघांना सरळ सांगितलं. शब्द आधी लिहून काढले होते: "मला कानाचा एक आजार आहे. त्यात अधूनमधून एखादा दिवस पूर्ण जातो, कोणता ते मला आधी कळत नाही. तुम्हाला २५ तारखेला हवं असेल तर मी २२ धरून चालतो. मधे आडवा झालो तर त्याच दिवशी तुम्हाला कळेल, २५ ला नाही." एकाने 'काळजी घ्या' म्हटलं आणि पुन्हा काम दिलं नाही. ते मला लागलं, अजून लागतं. दुसऱ्याने फारसं लक्षच दिलं नाही. तिसरे आता फोनवर विचारतात, "तारीख सांगताय ती हातचा धरून ना?"

मित्रांचं प्रकरण वेगळं होतं. तिथे माझा सगळा कारभार 'बघू'वर चालायचा. कोणी बोलावलं की 'बघू, जमलं तर येतो'. मला तो प्रामाणिकपणा वाटायचा. एकदा एका मित्राने स्पष्टच सांगितलं, "तू बघू म्हणालास की आम्ही नाही धरतो. खुर्ची ठेवत नाही." बरोबरच होतं त्याचं. मराठीत 'बघू' म्हणजे 'नाही'च, मीही दुसऱ्याचा 'बघू' तसाच वाचतो. मग मी वाक्य बदललं. "येतोय. नाही आलो तर कारण एकच असेल, आणि ते माझ्याऐवजी बायको कळवेल." यातला 'येतोय' फार महत्त्वाचा निघाला, समोरच्यापेक्षा मलाच. 'येतोय' म्हटल्यावर कपडे काढून ठेवले जातात. रद्द करायचं झालं तर ते दारात उभं राहून, कानाची खरी अवस्था पाहून करायचं, आदल्या रात्रीच्या भीतीवरून नाही, हा नियमही तेव्हाच केला. तो मोडला जातो. पण मोडला की वहीत लिहावं लागतं.

प्रवासाचं म्हणाल तर मी गाडी चालवणं सोडलं आहे. ते दुःख वेगळं, त्यावर इथे लिहीत नाही. बाकी जाण्यापेक्षा परतण्याची तयारी आधी करतो. तिथे आडवं व्हायला जागा आहे का, दार कुठे आहे, मला न्यायला कोण येऊ शकेल. एवढं ठरलं की जाणं आपोआप ठरतं. खिशात उलटी थांबवणारी गोळी असते. ती झटक्यापुरतीच घ्यायची, कारण तोलाची यंत्रणा दबवणाऱ्या या गोळ्या रोज घेत राहिलं तर बिघडलेल्या कानाशी जुळवून घ्यायला मेंदू शिकत नाही. गोळीबरोबर दोन पिशव्या आणि एक कार्ड. कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: "मी दारू प्यायलेलो नाही. कानाच्या आजाराने चक्कर आली आहे. मला बसवू नका, पडू द्या. काही तासांत उतरते." खाली बायकोचा नंबर. कार्डाचं मुद्रितशोधन मुलीने केलं. 'पडू द्या' म्हणजे लोक सोडून निघून जातील, 'आडवं पडून राहू द्या' लिही, असं तिने सुचवलं. चूक काढल्याचा तिला भलताच आनंद झाला होता.

आणखी एक छोटी गोष्ट. झटक्यात एखाद्या स्थिर ठिपक्यावर नजर रोखली तर डोळ्यांचं ते वाहणं आणि झटकणं थोडं कमी होतं. कानातून आलेल्या चकरेत असं होतं. त्यामुळे मी कुठेही गेलो की आधी ठिपका शोधतो. भिंतीतला खिळा, विजेचं बटण. सवयच झाली आहे. लोकांना वाटतं माझं बोलण्यात लक्ष नाही.

हे सगळं जमलं असं वाटत असतानाच मी फसलो, आणि तेही चांगल्या काळामुळे. झटके वाढले तेव्हा कानाच्या पडद्यातून आत स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं घेतली, पंधरा दिवसांच्या अंतराने. दुसरा पर्याय जेंटामायसिनचा होता. ते तोलाच्या पेशीच मारतं, पण ऐकू येणंही जाण्याचा धोका असतो. २०१६ मध्येच ६० रुग्णांवरच्या एका चाचणीत दोन्ही औषधांचा चकरेवरचा गुण जवळपास सारखा दिसला होता, म्हणून बाईंनी कान वाचवणारं निवडलं. पुढे सात महिने एकही झटका नाही. इंजेक्शनमुळे की आपोआप, आधीची गोष्ट आठवून मी विचारणं टाळलं. पण त्या सात महिन्यांत मी हातचा धरणं विसरलो. मागची भरपाई करायची म्हणून दोन पुस्तकं आणि एक कोशाचा खंड एकाच महिन्यात घेतला, तारखा काटोकाट. पंधरा दिवसांत तीन झटके आले. कोशाचा खंड दुसऱ्याला द्यावा लागला. वाईट काळात जपून राहायला शहाणपण लागत नाही, आजारच मान धरून शिकवतो. बरं वाटत असताना वहीत दोन कोरे दिवस सोडायचे म्हणजे जिवावर येतं. अजूनही येतं.

मागच्या महिन्यात मुलीच्या महाविद्यालयाचं नाटक होतं. तिचं मोठं काम दुसऱ्या अंकात. मी 'येतोय' म्हणालो होतो. आधीच्या दिवशी बायकोने जाऊन बघून ठेवलं. कडेची खुर्ची, दारापासून तिसरी. रंगमंचामागे कपडे ठेवायची एक खोली होती, तिथे आडवं व्हायची परवानगी मुलीने दिग्दर्शकाकडून घेतली. कानात एका बाजूला बोळा घातला होता, कारण हल्ली डाव्या कानाला मोठे आवाज सोसत नाहीत आणि एकच सूर दोन कानांत दोन पट्ट्यांत वाजतो. पहिला अंक मी पूर्ण पाहिला. मध्यंतरात कान भरून आला. बायकोने नुसतं बघितलं आणि पर्स उचलली.

दुसरा अंक मी त्या खोलीत, कपड्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवर पडून ऐकला. दाराच्या चौकटीत एक खिळा होता, नजर त्यावर. उलटी एकदाच झाली, पिशवीत. पलीकडे लाकडी फळ्यांवर पावलं वाजत होती आणि मग तिचा आवाज आला. उजवा कान वर राहील असं डोकं वळवता येईल का, ते मी अगदी हळू, बोटभर बोटभर करून पाहिलं. वळवता आलं. एका वाक्यावर प्रेक्षक हसले. घरी तालमीत ते वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं आणि तिथे कोणी हसेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

रंग न पुसताच ती आत आली आणि माझ्या डोक्याशी मांडी घालून बसली.

"हसले ते ऐकलंस?"

"ऐकलं," मी खिळ्याकडे बघत म्हटलं. "पण त्यानंतरचं वाक्य तू घाईत टाकलंस."